नवसाची बर्बन

गिरगावातल्या एका दवाखान्यात एक म्हातारी कवळीच्या मापासाठी तोंडात गुलाबी लगदा धरून बसली होती, आणि त्याच वेळी तिच्या घरातलं कपाट रिकामं होत होतं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की एवढं पहिलं वाक्य कानावर पडलं की माझी बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्हाला पळून जायला माझं स्वयंपाकघर मोकळं नाही. तेव्हा बसा.

आम्ही तिघे लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. एक दातांचा डॉक्टर झाला. गिरगावातला दवाखाना त्याचाच. दुसरा विमा विकतो, त्याला आम्ही विमेवालाच म्हणतो, त्याची बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणते. तिसरा मी. नाटकांना कपडेपट भाड्याने देतो. राजा, प्रधान, हवालदार, विधवा, काय हवं ते सांगा, मापात करून देतो. पन्नाशीला लोकांना गुडघे धरतात, आम्हाला बर्बनने धरलं.

बर्बन म्हणजे अमेरिकेतली मक्याची दारू. आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात मुरवतात. स्कॉच पिणारे लोक तिचं नाव काढलं की नाक मुरडतात, आणि लोकांनी नाक मुरडावं म्हणूनच विमेवाला आमच्यात आला होता, असं माझं मत आहे. डॉक्टरचं तसं नव्हतं. त्याचा मामा जहाजावर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. डॉक्टर कॉलेजात असताना मामाने एकदा एक बाटली आणली होती. लेबलवर होडीचं चित्र. मामाने भाच्याला चहाच्या कपात बोटभर दिली आणि उरलेली स्वतः दोन बैठकीत संपवली. त्या बोटभराचं वर्णन डॉक्टर पुढे तीस-पस्तीस वर्षं करत राहिला. आधी गूळ, मग भाजलेली फणसाची आठळी, आणि गिळून झाल्यावर बऱ्याच वेळाने सुक्या खोबऱ्याचा वास. बायकोबद्दल तो इतकं बारकाईने कधी बोललेलं मी ऐकलं नाही.

ती होडीवाली बनवणारी भट्टी मालक बदलून पुढे काही वर्षं चालली आणि मग बंदच झाली. नव्या मालकाने होडी काढली आणि लेबलवर नुसती अक्षरं ठेवली. आतला माल तोच की वेगळा, यावर आमच्यासारखे रिकामटेकडे जगभर भांडतात. डॉक्टरकडे अक्षरवाली होती, न उघडलेली. त्याला आयुष्यात एकच गोष्ट उरली होती: होडीवाली शोधायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या, आणि एकेक घोट घेऊन बघायचं की मामाने पाजलं ते खरंच तसं होतं, की आपण इतकी वर्षं एका चहाच्या कपाच्या प्रेमात होतो.

बाटल्या शोधायच्या तर माणसं शोधावी लागतात. दादरला एका जुन्या दुकानाच्या मागच्या फळीवर मालकालाच विसर पडलेल्या दोन मिळाल्या. शीव कोळीवाड्यात जहाजावरून उतरलेला एक जण होता, त्याच्या माळ्यावर एक निघाली, सुक्या बोंबलांच्या पोत्यामागे. पण सर्वांत चांगला माल मेलेल्या माणसांच्या कपाटात असतो. कोणी जुना बोटवाला किंवा विमानकंपनीवाला गेला की आम्ही भेटायला जायचो, हात जोडून बसायचो, आणि डोळे कपाटाच्या काचेवर. विमेवाला तर निघताना मयताच्या मुलाला पॉलिसीचं कार्डही देऊन यायचा.

आणि मिळालेल्या बाटलीवर भरवसा ठेवायचा नाही. रिकाम्या बाटल्या भंगारातून उचलून, त्यांत भलतंच भरून, नवं सील ठोकणारे कलाकार या शहरात आहेत. मी स्वतः खोट्या दाढ्यामिशांच्या धंद्यातला, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. या कलाकारांना ओळखणारी आमची एकच प्रयोगशाळा होती: डॉक्टरची जीभ. रविवारी दुपारी दवाखाना बंद करून आम्ही बसायचो. लेबल दिसू नये म्हणून मी बाटल्यांना कपडेपटातल्या बाह्या घालायचो, एकीला सरदाराची मखमली, एकीला हवालदाराची खाकी. डॉक्टर वास घ्यायचा, घोट जिभेवर फिरवायचा, रुग्णांच्या त्या फिरत्या पाण्याच्या बेसिनमध्ये थुंकायचा आणि सांगायचा, "खाकी खरी. मखमलीत रम आणि साखर." कधी चुकला नाही. विमेवाला तोवर आपल्या ग्लासात कोला ओतत असायचा.

तर म्हातारी. तिचा नवरा जहाजावर अधिकारी होता, वारला होता, मुलगा घर आवरायला आला होता. दाताच्या खुर्चीत बायका बोलतात. तिने सहज सांगितलं की यांच्या बाटल्या पडल्यात, एकीवर होडी आहे. डॉक्टरने त्याच संध्याकाळी आम्हा दोघांना सांगितलं. कोणालाही सांगू नये, हे शिकायला त्याला पन्नास वर्षं पुरली नव्हती. "उद्या तिचं माप घेतो, माप झालं की तिच्याबरोबरच घरी जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात हजर होतो. विमेवाला नव्हता. डॉक्टरने लगदा भरला आणि विचारलं, "आजी, मुलगा आहे ना घरी?" आजी सांगायला गेली की आहे, आणि तुमचे मित्र सकाळीच आलेत त्याच्याकडे. यातलं आम्हाला फक्त ऊंऊं कळलं, लगदा सरकला आणि माप पुन्हा घ्यावं लागलं. आम्ही पोहोचलो तेव्हा कपाट पुसून ठेवलं होतं. मुलगा फार सज्जन होता. म्हणाला, "तुमचे मित्र किती चांगले बोलले बाबांबद्दल." विमेवाल्याने त्या बाबांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रविवारी त्याने बाटली आणली, टेबलावर ठेवली. होडीवालीच. सील शाबूत. डॉक्टर खुर्चीतून उठलासुद्धा नाही, लांबूनच बघत राहिला.

"उघड," तो म्हणाला.

"नाय उघडता येणार," विमेवाला म्हणाला. "नवस बोललोय."

इथे आमच्या चाळीबद्दल सांगायला हवं. चाळ पाडली होती, तिथे टॉवर होणार होता आणि बिल्डर चाव्यांची तारीख पुढे ढकलत होता. आम्ही दोघे चाळ केव्हाच सोडून गेलो होतो, विमेवाला तोवर करी रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. चाळीच्या फाटकाशी पिंपळाखाली आमचा राखणदार. जागेची राखण करतो, रात्री फेरी मारतो, चपलांचा आवाज येतो म्हणतात. वर्षातून एकदा त्याला वाडी दाखवायची, म्हणजे कोंबडीचा रस्सा, भात आणि दारू पानावर ठेवायची. आमच्या आजोबांनी गावाहून येताना ट्रंकेबरोबर हाही रिवाज आणला. विमेवाला राखणदाराला बोलून बसला होता, घराची चावी हातात आली की ही बाटली उघडीन आणि पहिली धार तुला. त्याआधी उघडली तर कोप.

"राखणदाराला देशी चालते रे," डॉक्टर म्हणाला. "इतकी वर्षं चालली."

"तेव्हा चाळ होती. आता टॉवर होतोय. त्याचं पण स्टँडर्ड वाढायला नको?"

"आणि तुला आत्ताच बरा नवस सुचला."

"देवाधर्माची मस्करी नको हां, डॉक्टर."

तो बाटली पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेला. नवसाला नावं ठेवणारा मी कोण. शिवाय मला मजा यायला लागली होती. चावी काही येत नव्हती, आणि दर रविवारी डॉक्टर बिल्डरची चौकशी इतक्या कळकळीने करायचा की कोणाला वाटावं फ्लॅट त्याचाच आहे.

मग एके दिवशी डॉक्टरला आरशात स्वतःच्या जिभेच्या मुळाशी एक चट्टा दिसला. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बॅटरी मारली आणि स्वतःच्या तोंडात उजेड पाडायला इतका उशीर. परळच्या इस्पितळात त्याला सांगितलं की वेळेत आलात, बरे व्हाल, पण लाईट घ्यावी लागेल. लाईट म्हणजे रेडिएशन, सगळे तसंच म्हणतात. तिथल्या मोठ्या डॉक्टरने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याने आम्हाला दवाखान्यात स्वतःच्याच रुग्णांच्या खुर्चीत बसून सांगितली.

"चव जाणार. काही महिन्यांनी येते काहींची. काहींची नाही येत."

"किती दिवसांनी सुरू करायचं?" मी विचारलं.

"पुढच्या सोमवारी." मग विमेवाल्याकडे वळून, "तुझी होडी आणतोस का त्याआधी? एक घोट. दोन्ही शेजारी ठेवून. बाकीची तुझ्या राखणदाराला दे, मला बाटली नको."

डॉक्टर आयुष्यात कोणापुढे हात पसरायचा नाही. त्याला तशी सवय नव्हती, म्हणून ते फार ओबडधोबड झालं. मला माझ्या बुटांकडे बघावं लागलं.

विमेवाला गंभीर झाला. त्याला गंभीर चेहरा फार शोभतो, निम्म्या पॉलिस्या त्याने त्या चेहऱ्यावर विकल्या. म्हणाला, "मी माझ्या मनाने नाही मोडू शकत. पण कौल लावतो. गावी जातो, देवाला विचारतो. देव बोलला उघड, तर उघडतो."

आमच्याकडे गावच्या देवळात कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्नं, जमिनी, ऑपरेशनं, सगळं त्या पाकळ्यांवर ठरतं. एका बर्बनच्या बाटलीसाठी तो कौल लावायला कोणी गेला असेल तर आमचा विमेवालाच. बायकोला घेऊन गेला, दोन दिवसांत परत आला, आणि थेट दवाखान्यात.

"डावा पडला," तो म्हणाला. "मी गुरवाला दोनदा विचारलं. डावाच."

डॉक्टरने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "बरं. देवापुढे काय बोलणार."

हे सगळं मी शेजारी उभा राहून ऐकलं. मी देव मानत नाही, पण कपडेपटवाला आहे. माणसाच्या अंगावरचा कपडा त्याचा आहे की भाड्याचा, हे मला लांबून कळतं. विमेवाल्याचं दुःख खांद्यावरून ओघळत होतं. मापाचं नव्हतं.

रविवारी, लाईटच्या आदल्या दिवशी, डॉक्टरने आपली अक्षरवाली उघडली. दवाखान्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, खाली भाजीवाल्यांची ओरड. त्याने त्या दिवशी थुंकलं नाही. प्रत्येक घोट तोंडात इतका वेळ ठेवला की मला वाटलं झोपला. "पाठ करतोय," तो म्हणाला. विमेवालाही आला होता, हातात काही न घेता. दोन पेग प्यायला, कोला घालून. जाताना म्हणाला, "छान आहे रे. पण होडीवाली वेगळीच असणार." डॉक्टरने हसून मान हलवली. त्याची मान अजून हलत होती. पुढे मानेची कातडी अशी जळाली की महिनाभर तेही जमेना.

लाईटचे दिवस मी सांगत नाही. डॉक्टर भाताची पेज प्यायचा आणि पेज त्याला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. आंबा पुठ्ठा. चहा गरम पुठ्ठा. बायकोने हौसेने सुरमईची, बोटं चाटावीत अशी आमटी केली, तर म्हणाला, "पुठ्ठा, पण ताजा आहे." रिपोर्ट चांगले आले, गाठ गेली. चव गेली ती मात्र गेलेलीच.

त्याच सुमारास विमेवाल्याची बायको माझ्या दुकानात आली. नातीला शाळेत झाशीची राणी व्हायचं होतं. वहिनी मालवणची, मुंबईत इतकी वर्षं राहूनही तिच्या बोलीला इथलं पाणी लागलं नाही. मी तलवार शोधत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "डॉक्टरभावजी कसे आसत?"

"बरे आहेत. चव नाही फक्त."

ती थोडा वेळ राणीच्या फेट्याची जर कुरवाळत बसली. मग म्हणाली, "तुमका एक सांगतंय. कोणाक सांगू नको असा ह्यांनी माका सांगितल्यानी हा."

"मग सांगा."

"कौल उजवो पडलो होतो. पयल्याच खेपेक. गुरव पण बोललो, देव खूश आसा, उघडा. आणि ह्ये माका गाडीत म्हणतत, उघडली की ती सगळ्यांची. बंद आसा तवसर माझी."

मी तलवार मिळाली असं दाखवून काउंटरखाली वाकलो, कारण मला हसू येत होतं, आणि ज्या बाईचे डोळे भरलेले असतात तिच्यासमोर हसायची माझी पद्धत नाही. देवाने होकार दिला आणि विम्याच्या एजंटाने तो नामंजूर केला. एवढा मोठा क्लेम त्याने आजवर कोणाचाच बुडवला नव्हता.

कोणाला सांगू नका असं तिने मला म्हटलं नव्हतं. मी तासाभरात डॉक्टरच्या घरी होतो. सगळं सांगितलं, आवाज काढून, पाकळीसुद्धा पाडून दाखवली. डॉक्टर चमच्याने कोमट दूध घेत होता. त्याने दूध संपवलं, ओठ टिपले आणि घोगऱ्या आवाजात एकच प्रश्न विचारला. "त्याला माझी चव गेलेली माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग त्याला सांग, परत आली."

मी सांगितलं. अत्यंत आनंदाने सांगितलं. विमेवाल्याला खरोखर बरं वाटलं, आणि ते साहजिक होतं. एव्हाना त्याने त्या बाटलीची कीर्ती नव्या टॉवरच्या सगळ्या भावी रहिवाशांत पसरवली होती, आणि एका शहाण्याने त्याला विचारलं होतं, "पण ती खरी कशावरून?" तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. खरी की खोटी हे सांगणारी जीभ मुंबईत एकच, आणि तिच्यावर लाईट पडायच्या आत तिच्यापुढे बाटली ठेवायची संधी त्याने स्वतःच्या हाताने घालवली होती. आता जीभ परत आली म्हटल्यावर त्याने मला मिठी मारायची बाकी ठेवली.

पावसाळा संपता संपता चाव्या मिळाल्या. वास्तुशांत झाली, सत्यनारायण झाला, आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आम्हाला बोलावणं आलं. पिंपळ गाड्यांच्या पार्किंगसाठी तोडला होता. राखणदाराला जनरेटरच्या खोलीशेजारी बाथरूमच्या टाइल्सची घुमटी बांधून दिली होती. विमेवाल्याने तिथे केळीच्या पानावर वाडी ठेवली, बूच काढलं, पहिली धार पानावर सोडली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, बोलल्याप्रमाणे आणली आहे, मान्य करून घे, आणि चूकभूल पोटात घाल." आम्ही रिवाजाप्रमाणे "व्हय महाराजा" म्हटलं. चूकभूलच्या वेळी डॉक्टर जरा मोठ्याने म्हणाला.

वर, बाविसाव्या मजल्यावर, खिडकीतून इतर टॉवरच्याच खिडक्या दिसत होत्या. वहिनीने कोंबडी-वडे केले होते. टेबलावर होडीवाली, आणि शेजारी डॉक्टरने आणलेली अर्धी अक्षरवाली. म्हणजे जी बैठक डॉक्टरने आयुष्यभर मागितली ती अखेर मांडून झाली होती, फक्त तिच्यातून त्याचं तोंड वजा होतं. विमेवाल्याने ओतलं. स्वतःच्या ग्लासात त्या दिवशी त्याने कोला घातला नाही.

"आधी डॉक्टर," तो म्हणाला. "तू बोलल्याशिवाय कोण नाही पिणार."

डॉक्टरने वास घेतला. लाईटने त्याचं नाकही बोथट झालं होतं, पण हातवारे तेच राहिले होते, आणि मी धंद्यात इतकी वर्षं काढली, असं काम क्वचित पाहिलं. ग्लास उजेडात तिरका धरला. घोट घेतला. ती जळजळीत दारू भाजून निघालेल्या तोंडात काय करत असेल, हे मला त्याच्या टेबलाखालच्या हातावरून कळलं. त्याने स्वतःची मांडी पकडून ठेवली होती. चेहऱ्यावर काही नाही. जिभेवर फिरवली. गिळली. मग अक्षरवालीचा घोट, तोही सावकाश.

त्याचा हा सोहळा चालला असताना मीही हळूच माझा ग्लास ओठाला लावला. आधी गूळ. मग भाजलेली आठळी, अगदी साल करपलेली. आणि गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, सुक्या खोबऱ्याचा वास. डॉक्टर थापा मारत नव्हता. मामाचा कप खरा होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो पाहायला कोणाला वेळ नव्हता.

"बोल ना," विमेवाला म्हणाला.

डॉक्टरने ग्लास खाली ठेवला. "घर छान झालंय."

"घराचं सोड."

"तू मनाला लावून घेशील."

"अरे, बोल ना बाबा."

"बाटली जपून ठेव," डॉक्टर म्हणाला. "बाटली ओरिजनल आहे."

विमेवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. मी माझा ग्लास नाकाशी धरला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "मला कुठे कळतं त्यातलं. डॉक्टर म्हणेल ते."

त्याने स्वतः घोट घेतला. पुन्हा घेतला. बिचारा शोधत होता. पण ज्याने जन्मभर कोला घालून प्यायली त्याला त्या ग्लासात काय सापडणार? तिसऱ्या घोटाला त्याचा चेहरा पडला. "थोडी कडवट वाटते, नाही?" तो म्हणाला.

"साखर जाळून घालतात," डॉक्टर दयाळूपणे म्हणाला. "रंगासाठी."

"पण सील..."

"सील काय, कोणी पण मारतं."

"मी राखणदाराला हीच दिली रे."

"त्याला नाही कळणार," डॉक्टर म्हणाला. "आणि कळलं तर तुझा पत्ता आहे त्याच्याकडे."

यावर मी वड्याचा मोठा तुकडा तोंडात घातला. नाहीतर माझं काही खरं नव्हतं. विमेवाला उठला, बाटली गळ्याशी धरली आणि मोरीकडे निघाला. आणि तेव्हा त्या दुपारी पहिल्यांदा डॉक्टर घाबरलेला मी पाहिला. अर्धा उठला, तोंड उघडलं, आणि आता बोलला तर सगळंच उघडं पडणार म्हणून तसाच राहिला.

आडवी आली वहिनी. दारातच उभी राहून तिने बाटली नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, सहज, पोराच्या हातून कात्री घ्यावी तशी.

"मोरयेत ओतू नुको. नवी मोरी हा."

"मग काय करू? फेकून दे."

"भावजींका देवया. घराची आत्ता वास्तुशांत झाली, खोटी वस्तू घरात कित्याक?" मग डॉक्टरकडे, अगदी सरळ डोळ्यांनी, "तुमी व्हरा, भावजी. दात पुसूक नायतर फरशी पुसूक, कित्याक तरी उपयोगाक येतली."

"तुम्ही म्हणता तर," डॉक्टर म्हणाला.

तिने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली, वर वड्यांचा डबा ठेवला. नवरा सोफ्यावर बसून रिकाम्या हातांकडे बघत होता. त्या बाईने आयुष्यात एकदा देवाचा कौल फिरवलेला पाहिला आणि दुसऱ्यांदा स्वतः फिरवला. मला तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण वडा संपला नव्हता.

लिफ्टमध्ये मी डॉक्टरला विचारलं, "काय लागलं?"

"पुठ्ठा," तो म्हणाला. "पेटलेला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दारूचंच असणार. "तुला?"

मी सांगितलं. गूळ, आठळी, खोबरं. सांगताना मी काही कमी केलं नाही, उलट थोडं वाढवलंच. मित्राला माहिती पूर्ण द्यावी. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

अर्धवट बाटलीत हवा राहिली की दारूची चव उतरते. म्हणून त्याने त्याच संध्याकाळी ती दवाखान्यातल्या छोट्या तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवली, ज्यांतून लोकांना हिरडीला लावायचं औषध देतो. दारू त्याला मनाई आहे. थेंबाला दारू म्हणत नाहीत, असा निकाल त्याने स्वतःच दिला. दर रविवारी तो ड्रॉपरने एक थेंब जिभेवर सोडतो आणि वाट बघतो. मी समोर बसलेला असतो, ग्लास घेऊन, आशेने. "पुठ्ठा," तो म्हणतो आणि बाटली बंद करतो.

"मग मला दे ना थोडी. तुला काय फरक पडतो?"

"तुझ्या जिभेला काही झालेलं नाही. तू काहीही पी."

विमेवाला अजून त्याच्याकडे सल्ल्याला येतो. खरी होडीवाली शोधायची आहे त्याला. डॉक्टर त्याला फार प्रेमाने पत्ते देतो. वरळीला एक जुना बोटवाला आहे, शिवडीला एकाची विधवा आहे. तो जातो, बसतो, हात जोडतो, रिकामा परत येतो. मागच्या महिन्यात एका घरी तर माणूस जिवंतच होता.

परवाच्या रविवारी डॉक्टरने थेंब सोडला. नेहमीपेक्षा जास्त वेळ जीभ टाळूला लावून बसला. खाली कोणीतरी टेम्पोचा हॉर्न दाबून धरला होता, त्याला ऐकू गेल्याचं दिसलं नाही.

"काय?" मी विचारलं.

"पुठ्ठा," तो म्हणाला.

मग त्याने ड्रॉपर पुन्हा बुडवला, दुसरा थेंब जिभेवर घेतला, बूच घट्ट लावलं, आणि मी हात पुढे करायच्या आत बाटली शर्टाच्या खिशात टाकली.